तिथी पाहून किनारा: लहान मुलांना घेऊन दापोली-गुहागरला जाताना

कोकणात जायचे ठरले की बहुतेक जण नकाशा उघडून ठिकाणे मोजू लागतात. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, जमले तर मालवणही, आणि हे सगळे पाच दिवसांत. मोठ्यांना ते झेपते. सहा महिने ते सहा वर्षांचे मूल बरोबर असेल तर दोनच गोष्टी मोजायच्या: घाटातली वळणे आणि भरतीची वेळ. किलोमीटरवर जाऊ नका. किनाऱ्यालगतच्या रस्त्याने चाळीस किलोमीटरला सहज दीड तास लागतो, कारण दर पाच मैलांवर खाडी आडवी येते आणि प्रत्येक खाडीपाशी रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढतो.

म्हणून पाच दिवसांना एकच मुक्काम, फार तर दोन. पुढचे सगळे दापोली-गुहागर पट्टा धरून लिहिले आहे. पहिल्यांदा मूल घेऊन जाणाऱ्यांना हा पट्टा सोयीचा पडतो. पुण्या-मुंबईहून एका दिवसात पोचता येते, किनारे लांब आणि सपाट आहेत, आणि दापोली गाव थोडे उंचावर असल्याने किनाऱ्यापेक्षा तिथे उकाडा कमी असतो.

कधी जायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी असते, रात्री गारवा असतो, समुद्र शांत असतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी त्याहून मोठी गंमत नाही. पण पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे ठरवून मिळत नाही, म्हणून दोन रात्री हाताशी ठेवाव्यात आणि मुलाला आधीच सांगावे की कासव दिसेलच असे नाही. पिल्ले सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी सूर्य उतरताना सोडतात. दोरीमागे शांत उभे राहावे लागते. दोन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, त्याला कडेवरच ठेवा.

एप्रिल-मे आंब्यासाठी मोहात पाडतात. पारा पस्तिशीच्या आतच असतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. लहान मुलांना याचा त्रास मोठ्यांपेक्षा लवकर होतो. मे महिन्यात जायचेच असेल तर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेचार बाहेर पडायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांनी निघण्याआधीच मान्य करावे. जून ते सप्टेंबर कोकण सुंदर दिसते, पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी तो काळ नव्हे. कपडे वाळत नाहीत, वीज जाते, घाटात दरड येते आणि किनाऱ्यावर उतरता येत नाही.

जायचे कसे

मुंबईकरांनी शक्यतो रेल्वे धरावी. खेड स्टेशनपासून दापोली तीसेक किलोमीटर आहे, गुहागरसाठी चिपळूणला उतरून पंचेचाळीसेक. दिवसाची गाडी घ्या. रात्रीच्या गाड्या खेडला भलत्या वेळी सोडतात, मग झोपमोड झालेले मूल पुढचा अख्खा दिवस वसूल करते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, नको असेल तर अर्धे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांचे पहिल्याच सकाळी संपते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा वेळ पुन्हा तपासा.

पुण्याहून गाडीने ताम्हिणीमार्गे माणगावला उतरून पुढे महामार्ग. साताऱ्या-कराडकडच्यांना कुंभार्ली घाट. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही, त्यापुढे बारा वर्षांपर्यंत सर्वांत जास्त होतो. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणे सांगत राहतो, या गोंधळातून मळमळ होते. त्यामुळे उपायही डोळ्यांचाच:

- घाट सुरू होण्याआधी तासभर हलके खाणे: पोळीचा तुकडा, इडली, कोरडे बिस्कीट. दूध नको, तळलेले नको, आणि उपाशीही नको. रिकाम्या पोटी जास्त मळमळते.
- घाटात मोबाइल आणि चित्रांचे पुस्तक बंद. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे मागच्या सीटवर मधोमध बसवा.
- खिडकी चार बोटे उघडी. गाडीतले सुगंधी डबे काढून टाका, निम्म्या उलट्या त्यांच्यामुळे होतात.
- वळणावर ब्रेक आणि वळण संपताच जोर, असे चालवू नका. एकाच मंद गतीने घ्या. चालवणारा घाईत असेल तर बाकीच्या उपायांचा फारसा उपयोग नाही.
- मूल गप्प झाले, जांभया देऊ लागले, ओठांभोवती पांढुरके दिसू लागले की पाच मिनिटे उरली समजा. मोकळी जागा पाहून थांबा. घाटात दरडीच्या कड्याखाली थांबू नका.

उलटीचे औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि घरी एकदा देऊन पाहा. काही मुले त्याने पेंगण्याऐवजी उलट चेकाळतात.

मुलासाठी गाडीतली वेगळी आसनव्यवस्था म्हणजे चैन नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय असल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवा. आईच्या मांडीवरचे मूल अचानक ब्रेक लागताच हातातून सुटते, कितीही घट्ट धरले तरी.

दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे जंगलजेट्टी घ्या. गाडीसह खाडी ओलांडता येते, चिपळूणचा मोठा वळसा वाचतो आणि मुलांना बोट मिळते. बोट सुटल्यावर गाडीतून उतरून कठड्यापाशी उभे राहता येते, पण मुलाचा हात मनगटाला धरायचा, बोटांना नव्हे. बोटे सटकतात. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

मुक्कामाची जागा: फोनवर विचारायचे प्रश्न

घरगुती निवास मुलांना हॉटेलपेक्षा बरा. अंगण असते, मऊ भात वेळेवर मिळतो. पण कोकणातले घर म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत, भोवती आगर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, असते. पहिला प्रश्न विहिरीचा: कठडा आहे का, किती उंच, झाकण किंवा जाळी आहे का. जुन्या आगरांत गुडघ्याएवढ्याच कठड्याच्या विहिरी आजही आहेत. "होय, आहे कठडा" एवढ्यावर समाधान मानू नका, फोटो मागवा. दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा, पंखा चालतो की नुसता दिवा. मग खिडक्यांना जाळी, संडास खोलीला लागून आहे का, घरात कुत्रे आहे का आणि ते बांधलेले असते का.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटे सामान न सोडता आवारात फिरा. नारळ पाडून झालेत का विचारा. माडाखाली खाट, झोळी किंवा चटई टाकू नका. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळीही पाच-सहा किलोची असते. मार्च ते मे काजूची बी जमिनीवर पडलेली दिसते आणि मुले ती हमखास उचलतात. तिच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते, तोंडात घातली तर ओठ सुजतात. मूल ती हाताळताना दिसले तर हात साबणाने धुवा आणि तो हात डोळ्यांना लागू देऊ नका.

समुद्र: तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरचे जुने गणित असे. आजची तिथी घ्या, पक्ष कोणताही असो, तिला पाऊणने गुणा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याला जुळते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे गुहागरला अर्धा तास अलीकडे धरा आणि गावातल्या कोळ्याला विचारून खात्री करा. नेमकी वेळ भरतीच्या छापील कोष्टकात मिळते, पण सुट्टी कोणत्या आठवड्यात घ्यावी हे ठरवायला कॅलेंडर पुरते.

यातून निघणारा निष्कर्ष फार उपयोगाचा आहे. चतुर्थी ते षष्ठीला ओहोटी सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे कोवळ्या उन्हात ओल्या वाळूचे मैदान. पौर्णिमा-अमावास्येला ती संध्याकाळी पाचच्या सुमारास येते, म्हणजे सूर्यास्ताआधी किनारा सर्वांत रुंद. दशमी-एकादशीला ओहोटी भर दुपारी आणि संध्याकाळी पाणी चढते, मुलांसाठी हे दिवस वाईट. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप मागे जाते आणि तितक्याच जोराने येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

पाणी सारख्या वेगाने सरकत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी हलते. म्हणून पाय भिजवायचे ते पूर्ण ओहोटीच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, तेव्हा ओढ सर्वांत कमी. भरती लागली की सामान आवरायला घ्या, खडकांवरून तर आधी उतरा. मागचा रस्ता कधी पाण्याखाली गेला ते कळत नाही.

खोलीचा नियम साधा ठेवा: पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठ्या माणसाचा हात पोचेल एवढ्या अंतरावर. दोन मोठी माणसे असतील तर "आता तुझ्याकडे" असे तोंडाने सांगून पाळी बदला. बुडण्याच्या घटना घडतात त्या बहुधा दोघांनाही दुसऱ्याचे लक्ष आहे असे वाटते तेव्हा. बुडणारे मूल ओरडत नाही, हातही फारसे मारत नाही. ते गप्प होते.

लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद आणि फेस समुद्राकडे वाहून नेणारा दिसला तर तिथे उतरू नका. अनोळखी माणसाला तीच जागा पोहायला चांगली वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेले पाणी तिथून परत जात असते. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. मुरुड-कर्दे भागातले किनारे उतरते नसून पसरट आहेत, लहानांना ते बरे. गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, वाळूत खेळा, पण तिथल्या धोक्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत.

सुवर्णदुर्गाची किंवा डॉल्फिन दाखवायची बोट घेणार असाल तर मुलाच्या मापाचे जॅकेट मागा. मोठ्याचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले की जॅकेट वर तरंगते आणि मूल खालून निसटते. खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहा, ते कानापर्यंत आले तर मोठे आहे. मापाचे नसेल तर बोट सोडून द्या.

गाडी वाळूत घालण्याच्या फंदात पडू नका. दर सुट्टीला कुणाची तरी चाके रुततात आणि भरती येईपर्यंत गाव जमते.

खाणे

मुक्कामाच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा: मुलांचे वेगळे काढायचे, तिखट टाकण्याआधी. फोडणी पडल्यावर "थोडे कमी तिखट" होत नाही. गुरगुट्या भात, तूप-मेतकूट, वरण, घावणे आणि नारळाचे दूध, तांदळाची उकड, उकडीचे मोदक: कोकणात मुलांचे खाणे मोठ्यांपेक्षा सोपे आहे. वर्षाखालच्या बाळाला मीठ, साखर, मध नको, त्यामुळे सोलकढी आणि कोकम सरबतही नको.

मासे द्यायचे तर सुरमईचा किंवा हलव्याचा मधल्या काट्याचा तुकडा घ्या, काटा काढा आणि मांस बोटांनी चुरून पाहा. मुडदुशीही मऊ आणि सोपी. बांगडा, तारली, पेडवे, बोईट मुलांना नकोत, बारीक काटे डोळ्यांना दिसत नाहीत. कोळंबी, तिसऱ्या, कालवे यांची पहिली चव प्रवासात देऊ नका. वावडे असेल तर ते घरी, दवाखाना जवळ असताना कळलेले बरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचा पापलेट बहुधा बर्फातला.

आंब्याचा देठ कापून चीक वाहू द्या, आंबा धुवा, मगच चोखायला द्या. तोंडाभोवती उठणारे लाल चट्टे उष्णतेने नव्हे, चिकाने येतात. बरका फणस लहानांना नको, गुळगुळीत गरा आणि आठळी दोन्ही घशात अडकतात.

पाणी उकळलेले किंवा सीलबंद. शहाळे चांगले, पण समोर फोडलेलेच. बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेले कलिंगड टाळा.

औषधांची पिशवी

जुलाब सुरू झाले की जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे असे छापलेले पाकीट घ्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण, अर्धे पाकीट अंदाजाने नव्हे. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, चमच्याने, घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सहा तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल ग्लानीत आहे: यांपैकी एकही दिसले तर दवाखाना.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिग्रॅ, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. बारा किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ. घोळ होतो तो इथेच: एकाच नावाच्या बाटल्या ५ मिलीला १२० मिग्रॅ आणि ५ मिलीला २५० मिग्रॅ अशा दोन्ही मिळतात. पहिल्यातून साडेसात मिली द्यावे लागेल, दुसरीतून साडेतीनच्या थोडे वर. घरची बाटली संपली म्हणून गावातून दुसरी आणली आणि माप तेच ठेवले तर मात्रा दुप्पट होते. घरचीच बाटली न्या आणि मात्रा तिच्यावर लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध शोधत बसू नका, थेट डॉक्टर.

लंगोटाखाली पुरळ ही किनाऱ्यावरची नेहमीची कटकट. वाळू, मीठ आणि घाम एकत्र घासतात. समुद्रातून आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, झिंक ऑक्साइडचे मलम लावा आणि दुपारी दोन तास मोकळे ठेवा. वापरलेले डायपर पिशवीत घालून परत न्या, गावात कचरागाडी रोज येतेच असे नाही. समुद्रात पाकटाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, आधी पाणी मोठ्याच्या हाताने तपासून. जेलीफिशचा चट्टा असेल तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका.

आणि विंचू. कोकणातला लाल विंचू लहान मुलाला जिवावरचा ठरू शकतो. घाम फुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले की वाट पाहू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातच काम करून प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी असल्याचे दाखवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते औषध वेळेवर मिळाले तर मूल बहुधा वाचते. फुरसे हा विषारी साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मुलाला चालू देऊ नका. पायातले वाळे, हातातला काळा दोरा लगेच काढा, सूज आली की ते रुततात. दोन्हींसाठी १०८ ला फोन. रुग्णवाहिकेला उशीर होणार असे दिसले तर गाडीने निघा: दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, खेडजवळ कळंबणीला आहे, आणि चिपळूणच्या पुढे डेरवणला वालावलकर रुग्णालय. जोडे रात्री पडवीत ठेवू नका, सकाळी झटकूनच घाला. संध्याकाळनंतर अंगणात विजेरीशिवाय मूल सोडू नका.

परतीचा दिवस

परतताना सकाळी सातच्या आत निघा, म्हणजे ऊन चढण्याआधी निम्मे अंतर कापून होते. आदल्या संध्याकाळी समुद्र नको. दमलेले, वाळूने चुरचुरणारे मूल घाटात आणखी लवकर उलटते. खरेदीचे एक सांभाळा. सुकी मासळी दोन पिशव्यांत बांधून डिकीत टाका आणि आंब्याची पेटीही तिथेच, मुलाच्या पायाशी नको. मोठ्यांना तो वास हवाहवासा वाटतो, पण बंद गाडीत चढत्या वळणांवर पिकत्या हापूसनेही पोरे मळमळतात.